सील न फोडलेला डबा

प्रिय राजेश्वरी,

काल फोनवर तू म्हणालीस की रविवारी बाबांनी गाडी घेऊन अकलूजला यावं आणि काव्याला सुट्टीसाठी सोलापूरला घेऊन जावं. मी हो म्हणाले. ते हो मी मागे घेते आहे. बाबा चालवत असतील त्या गाडीत काव्याला बसवायचं नाही. खरं तर एवढंच सांगायचं आहे, पण एवढंच लिहिलं तर तू लगेच फोन करून कारण विचारशील, आणि फोनवर मला ते सांगता येत नाही.

फोन वाजला की बाबा माझ्या शेजारी येऊन बसतात आणि स्पीकर लावायला सांगतात. तुला त्याचं कौतुक वाटतं. म्हातारपणी दोघांचं किती जमतंय, असं तू मागे म्हणालीस. दिवाळीपासून मी या घरात असं एक वाक्य बोललेले नाही जे त्यांनी ऐकलं नाही. मी न्हाणीघरात गेले तर ते दाराबाहेर उभे राहतात. मोबाइलवर काही लिहायला घेतलं की स्क्रीनमध्ये डोकावतात, ‘कुणाला?’ म्हणून विचारतात. म्हणून कागद घेतला. आत्ता ते पोर्चमध्ये गाडीत बसले आहेत, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ओट्याजवळच्या खिडकीतून मला त्यांच्या डोक्याची मागची बाजू दिसते. ती दिसते आहे तोवर मला लिहिता येईल.

ही गाडी कुणासाठी घेतली ते तुला आठवतं का? शाळेच्या जिन्यावर पडून माझा डावा गुडघा कायमचा अधू झाला. डॉक्टर म्हणाले, क्लच दाबायचा विचारसुद्धा सोडा. तेव्हा बाबांनी आपली जीव लावलेली गाडी विकली आणि ही जुनी ऑटोमॅटिक आणली. तुझे काका हसले होते, हिला गिअरच नाहीत तर ही गाडी कसली, म्हणून. पहाटे जुळे सोलापूरच्या रिकाम्या प्लॉटांमधल्या रस्त्यांवर बाबांनी मला शिकवलं. ‘डावा पाय विसर, टीचर. डावा पाय देवानं दिलाच नाही असं समज.’ मी विसरले. पन्नाशी उलटल्यावर लायसन्स काढलं आणि त्यानंतर कुठं जायचं झालं तर कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तुझं बाळंतपण होतं तेव्हा पहाटे एकटी निघाले, वेळापूरला चहा घेतला तेवढाच, आणि तू दवाखान्यात पोचायच्या आत मी दारात उभी होते.

हिवाळ्यात गाडी कुरकुरायला लागली. गिअर पडायला उशीर व्हायचा आणि पडला की धक्का बसायचा. रनिंग अडीच लाखांच्या पुढे गेलेलं. गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सचं ऑइल काडीवर पाहिलं, वास घेतला आणि काडी परत घातली. ‘बाई, हात लावू नका की ह्याला. जुनं ऑइलच धरून ठेवलंय सगळं. आता नवं घातलात तर गिअर सुटतील, मग लई खर्चात पडाल.’ बाबा खवळले. घरी येईपर्यंत बडबडत होते. ‘हा म्हणे घाणीवर गाडी चालते. गिरणीत तीस वर्षं मेंटेनन्स काय मी घाणीवर केला? सगळं एकदम धुऊन काढायचं नाही, एवढं खरं. खालचा नट काढायचा, आपोआप येईल तेवढं येऊ द्यायचं आणि मोजून तेवढंच नवं घालायचं. हजारभर किलोमीटरनं पुन्हा तसंच.’ हे सगळं बरोबर होतं. त्या दिवशी त्यांचं एकही वाक्य चुकलं नाही आणि मला वाटलं, मीच उगाच काहीबाही बघते आहे. तुझ्या संगमेशरावांनी नव्या ऑइलचा चार लिटरचा डबा पाठवला आणि एका रविवारी ते घरीच करायचं ठरलं.

त्या कामाचा फोटो तू सगळ्या ग्रुपांवर टाकलास. ‘सत्तरीतले माझे बाबा’ असं खाली लिहिलंस. लोकांनी शाबासकीचे अंगठे पाठवले. तो फोटो आता पुन्हा उघड आणि बाबांकडे पाहू नकोस. डावीकडे पायरीवर डबा आहे. त्याचं सील बघ.

गाडी थोडी फिरवून कोमट करून त्यांनी लाकडी उतारांवर चढवली. खाली घमेलं ठेवलं, नट काढला. काळं, जळकट वासाचं ऑइल आलं. नवं ऑइल लालभडक असतं, हे त्यांनीच मला दाखवलं होतं. घमेल्यातलं ऑइल त्यांनी सरबताच्या मोकळ्या बाटल्यांमध्ये भरलं, म्हणजे किती निघालं ते कळावं. नट घट्ट बसवला, पुसला, पुन्हा तपासला. हात इतके नेमके चालत होते की मी पाने द्यायचं सोडून नुसती बघत राहिले. तेवढ्यात गॅसवाला आला. सिलिंडर आत घेऊन, त्याच्याकडून गळती तपासून घेऊन मी परत आले, तर बाबांनी काडीच्या नळीत नरसाळं बसवलं होतं आणि ते बाटलीतून ओतत होते. काळं. जे काढलं होतं तेच, सावकाश, एक थेंब बाहेर न सांडता.

फळ्यावरची चूक मी आयुष्यात कधी तशी ठेवली नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्या वाढदिवसाच्या केकवरचं शुद्धलेखन मी सुरीनं दुरुस्त केलं होतं. मी तोंड उघडलं. बाबांनी शेवटची बाटली रिकामी केली, काडी पुसून पाहिली, ऑइल बरोबर खुणेवर होतं. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘काय टीचर, पास का नापास?’ कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा तसा दिसला होता. मी पास म्हणाले आणि तुला हवा होता म्हणून फोटो काढला.

मग ते म्हणाले, चल, चालवून बघू. नाही म्हणायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं, नुकतंच पास केलं होतं. विजापूर रोडला लागेपर्यंत ठीक होतं. मग गाडीनं वेग घेतला आणि बाबांचा डावा पाय उठला. क्लच शोधत होता तो. गिरणीच्या जीपचा क्लच. तिथे ब्रेकचा रुंद पेडल आहे, त्याच्यावर त्यांनी पूर्ण जोरानं पाय मारला. गाडी भर रस्त्यात जागच्या जागी थांबली. मागच्या मोटारसायकलवाल्याचं चाक आमच्या बंपरपासून वीतभर अंतरावर होतं. त्याच्या पुढ्यात पेट्रोलच्या टाकीवर एक मुलगी बसली होती, काव्याएवढीच, हातात उसाच्या रसाची पिशवी धरून. रस सगळा तिच्या अंगावर. तो माणूस उतरून खिडकीशी आला, ‘ओ काका, चालवता येत नाही तर घरी बसा की’ म्हणाला. बाबा त्याच्याशी भांडले नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी कानडीत विचारलं, ही कुणाची गाडी. अलीकडे घाबरले की ते त्यांच्या आईच्या भाषेत बोलतात. त्यांना उठवून पलीकडे बसवायला मला फार वेळ लागला. मी गाडी घरी आणली. ती मी गाडी चालवल्याची शेवटची वेळ.

त्यानंतर गाडी दारात आहे आणि मी घरात. त्यांना एकटं ठेवून जाता येत नाही. बरोबर घ्यावं तर ते आधीच जाऊन स्टिअरिंगवर बसतात आणि उठत नाहीत. किल्ली लपवली तर दिवसभर ‘कीली यल्ली’, किल्ली कुठं, म्हणत कपाटं उपसतात. एकदा डब्यातलं ज्वारीचं पीठ फरशीवर ओतून शोधली. शेवटी मी किल्ली परत दिली आणि बॅटरीची वायर काढून ठेवली. तेही त्यांनीच शिकवलेलं. पूर्वी गाडी चालू झाली नसती तर त्यांनी आधी बॅटरीच पाहिली असती. आता किल्ली फिरवतात, वाट पाहतात, पुन्हा फिरवतात. फाटकाला मी आतून कुलूप लावते आणि त्याची किल्ली पदराला बांधते. शेजारची सोजरबाई फाटकापलीकडून बोलून जाते. तिला वाटतं, मी चोरांना भिते.

डॉक्टरांकडे मी त्यांना कानाचं निमित्त सांगून नेलं. हे वाढत जाणार, म्हणाले. आणि घर बदलू नका, ओळखीच्या जागेमुळे ते अजून सावरून आहेत, हलवलंत तर जास्त सुटतील. गॅरेजवाल्याचं बोलणं मला तिथे पुन्हा ऐकावं लागलं. त्यामुळे दोघंही अकलूजला या, असं तू म्हणू नकोस. ते होणार नाही.

काल तुझा फोन झाल्यावर बाबा म्हणाले, रविवारी राजव्वाकडे जायचंय, गाडी नीट करायला पाहिजे. मग स्वतःच म्हणाले, गिअरबॉक्स गेलाय तिचा, कामाला पाठवून दे. हे त्यांच्या तोंडून आलं, म्हणून मी आज घाई करते आहे. शेजारचा मल्लेश चिंचोळी एमआयडीसीत असतो, आज त्याची सुट्टी आहे. त्याला मी फाटकातूनच सांगितलं. ‘काकू, काय काळजी करू नका, सोडून येतो की,’ म्हणाला. बॅटरीची वायर तो निघताना जोडून घेईल, येताना एसटीनं येईल. हे पत्र गाडीबरोबर तुझ्या हातात पडेल. गाडी परत पाठवायची नाही, म्हणून लिहिलं. बाबा रोज विचारतील, गाडी कुठं. मी सांगेन, अकलूजला कामाला गेली आहे, आणि तुला फोन लावून देईन. तू म्हणायचंस, ऑइल बदलायचं काम चालू आहे बाबा, उद्या मिळेल. रोज म्हणायचंस. रडायचं नाही, ते ऐकत असतील. खरोखर बदलून घे आणि तूच वापर. आणि काव्याला संगमेशरावांकडे ठेवून चार दिवस एकटी ये. मला एका खोलीत दार लावून बसायचं आहे. बाकी काही नको.

मल्लेश फाटकाशी आला आहे. बाबा स्वतः उतरून त्याला काच पुसून देत आहेत.

तुझीच,
आई

मल्लेशच्या ताब्यात दिलेलं: गाडी. दोन्ही किल्ल्या. आरसी आणि विम्याचे कागद. लाकडी उतारांची जोडी. ऑइलचा डबा, सील न फोडलेला. बाबांचा गाडी चालवायचा चष्मा, तो त्यांनी स्वतः कप्प्यात ठेवला आहे, काढू नकोस. बाबांचं लायसन्स. माझं लायसन्स.