गार्डोबद्दलचं माझं मत

मारिकिना, सोमवार

प्रिय मनांग पुरिंग,

थोरल्या बहिणीला करायचा नमस्कार म्हणून इथूनच तुझा हात धरून कपाळाला लावते आहे. तू कणीक मळत असशील तर हात पुसू नकोस, तसाच पुढे कर. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजी अजून डुकरांशीच जास्त बोलतात, की तुझाही नंबर लागायला लागला? मी खुशाल आहे. (हे वाक्य लिहून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. माझा डावा गाल लिंबाएवढा सुजला आहे आणि सकाळपासून मी गुणगुणते आहे. अशा अवस्थेला ‘खुशाल’ म्हणणं कितपत प्रामाणिक आहे, हे तूच पत्र वाचून ठरव.)

तू ‘एक कॉफी, दोन स्ट्रॉ’ ही मालिका बघत नाहीस, असं भावोजींनी फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं, म्हणून आधी तेवढं सांगते. जोनाबेल नावाची मुलगी मकातीतल्या जाहिरातीच्या ऑफिसात कामाला आहे. ती दर भागात फोनवर सापडलेल्या नव्या माणसाबरोबर कॉफी प्यायला जाते. एक जण तिच्याच ताटातलं जेवतो, एक जण आईला बरोबर घेऊन येतो आणि आईच प्रश्न विचारते. या सगळ्या गाळातून वर आला तो इनिगो. गाडी, अत्तर, आणि दर दोन वाक्यांनंतर ‘प्रेम’. शिवाय जोनाबेलच्या खालच्या मजल्यावर गार्डो राहतो. तो दर भागात तिचा पंखा दुरुस्त करायला येतो, स्क्रूड्रायव्हर मागतो, पंखा फिरला की जातो. बोलत काहीच नाही.

आमची सगळी गल्ली ही मालिका शुक्रवारी संध्याकाळी आलिंग सालिंगच्या (आमच्या सालिंगबाईंच्या) किराणा दुकानात, टांगलेल्या शाम्पूच्या पुड्यांच्या फटीतून बघते. आणि मतं! देशाच्या निवडणुकीला एवढी मतं पडत नसतील. सालिंग गार्डोची. रिक्षावाले इनिगोचे, कारण त्याची गाडी निदान कुठेतरी जाते तरी. सालिंगच्या सासूचं मत असं की मुलीने आधी नीट जेवावं, नुसत्या कॉफीवर कोणाचंही डोकं फिरेल. मधे तर सालिंगने इनिगोवाल्यांना बर्फ विकणं बंद केलं होतं. “प्रेमावर विश्वास नाही त्यांनी कोमट प्या,” म्हणाली.

तशात वाहिनीने जाहीर केलं, की जोनाबेलने कोणाला निवडावं यावर प्रेक्षकांनी मतं पाठवावीत, उत्तम मत कार्यक्रमात वाचून दाखवू. गल्लीने एकमताने मला नेमलं. (मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते, एवढ्यावर माणसं काय काय सोपवतात!) सालिंगने बजावलं, “टीचर, गार्डोच्या बाजूने लिहा हं, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.” पण मनांग, तू मला ओळखतेस. जे माझं मत नाही ते मी सही करून कसं पाठवू? दोन्ही बाजू मांडल्या, खोडल्या, पुन्हा मांडल्या, आणि शेवटी मनाला पटलं ते लिहिलं: ‘गार्डो हा प्रियकर नसून देखभाल विभाग आहे. जो पुरुष इतक्या भागांत स्क्रूड्रायव्हरखेरीज काहीही मागत नाही, त्याला नायिका मिळू नये, फार तर मजुरी मिळावी.’ लिहून झाल्यावर हे वाक्य मला इतकं आवडलं की मी आरशासमोर उभी राहून ते म्हणून बघितलं.

इथे मला डॉक्टर आन्सेल्मो यांच्याविषयी सांगायला हवं. समोरच्या बाजूला त्यांचा दातांचा दवाखाना आहे. मूळ बातांगासचे, विधुर, पन्नाशीतले. गेलं वर्षभर दर रविवारी प्रार्थनेहून परतताना ते पाना घेऊन माझ्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला येतात. दातांत भरायचं सिमेंट नळाला लावतात. मी आल्याचा काढा देते, तो पिऊन ‘पाण्याला जोर बरा आहे’ म्हणतात आणि जातात. पुढच्या शनिवारी नळ पुन्हा गळतो. भल्या माणसाला हा छंद आहे, एवढंच मी समजत होते.

गेल्या शुक्रवारच्या आधीच्या शुक्रवारी माझं मत वाचलं गेलं. माझ्या पूर्ण नावानिशी, मारिकिनासकट! निवेदिका ‘देखभाल विभाग’ म्हणाली आणि रिक्षावाले बाकांवर उभे राहून नाचले. सालिंगने माझ्या हातातली सरबताची बाटली काढून घेतली. डॉक्टर कोपऱ्यातल्या स्टुलावर होते. ते उठले, “छान लिहिलंय, टीचर,” म्हणाले, खिशातला पाना काढून सुक्या मासळीशेजारी ठेवला आणि निघून गेले. त्या रविवारी ते आले नाहीत. नळ गळत राहिला. थेंब पडला की मला वाटायचं, कोणीतरी माझंच वाक्य मला वाचून दाखवतंय.

सालिंगने मला पाना आणून दिला आणि वर झाडलं. “दातांचा डॉक्टर नळ कशाला दुरुस्त करेल? गावात प्लंबर मिळत नाहीत? अहो, तो माणूस वर्षभर मागणी घालतोय, आणि तुम्ही त्याला टीव्हीवर मजुरी देऊ केलीत!” मी खुर्चीत बसले. आपल्या बाबांनी आजोबांच्या अंगणात लाकडं फोडली तेव्हा आई त्यांना लाकूडतोड्या समजली होती का? नाही ना? मग मला शिकवून काय उपयोग झाला?

शनिवारी दात दुखल्याचं निमित्त करून मी दवाखाना गाठला. (निमित्त खोटं, म्हणून वाटेत दोनदा परत फिरले, सालिंगने दोन्ही वेळा खांद्याला धरून तोंड दवाखान्याकडे केलं.) मी माफीचं भाषण पाठ केलं होतं. पण खुर्चीत बसले, आणि डॉक्टरांना दात खरोखरच किडलेला सापडला. माझ्या सदसद्विवेकबुद्धीला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. त्यांनी गाल बधिर केला, तोंडात कापूस कोंबला आणि म्हणाले, “दुखलं तर हात वर करा.” आणि मनांग, मी बोलू शकत नाही म्हटल्यावर तो मुका माणूस बोलायला लागला! “मी गार्डोच्या बाजूचा आहे,” म्हणाले, “आमच्याकडे असंच असतं. आधी काम करायचं, मग विचारायचं. मला विचारायला उशीर झाला, कारण नळ काही नीट होईना. अर्धवट कामावर कसं विचारणार? आता विचारू का?”

मी हात वर केला. ते घाबरून थांबले. “दुखलं? माफ करा, पुन्हा नाही बोलणार.” मी दुसराही हात वर केला. त्यांनी आणखी इंजेक्शन भरायला घेतलं. मी पायसुद्धा वर केले असते, पण तेवढ्यात दारातून सालिंग ओरडली, “अहो डॉक्टर, दात नाही दुखत तिचा, ती हो म्हणतेय! सुई खाली ठेवा!”

बाकीचं सुजलेल्या गालावरून समजून घे.

तुझी,
फेमी

ता. क. येत्या रविवारी त्यांची आई, मामा आणि तीन मावश्या बातांगासहून भाजलेलं डुकराचं पिल्लू घेऊन रीतसर मागणी घालायला येत आहेत. आपल्या बाजूने वडीलधारं कोणी नको का? तुलाच यायचंय. मी तू येतेस असं कळवूनही टाकलंय. थोडे आढेवेढे घे, पण फार नको. मामा लगेच उठून जाणारे आहेत म्हणे.

ता. क. २. काल, शुक्रवारची वाट न बघता, खास शेवटचा भाग दाखवून मालिका संपवली. जोनाबेल इनिगोबरोबर गेली, आणि ‘मारिकिनाच्या एका सुजाण प्रेक्षकाचं मत निर्णायक ठरलं’ असं पडद्यावर झळकलं. रिक्षावाले सोडले तर गल्लीत माझ्याशी कोणी बोलत नाही. मला बर्फ बंद आहे, ऐन गाल सुजलेला असताना.

ता. क. ३. पत्र पुन्हा वाचलं. ‘एवढंच मी समजत होते’ हे वाक्य खरं नाही. ते खोडणार होते, पण मग कारण लिहावं लागेल. तर असो: आलीस की स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावू नकोस, बादलीतलं पाणी घे. दर शनिवारी तो मी भुवयांच्या चिमट्याने सैल करते, आणि येत्या शनिवारचा आजच करून झाला आहे.