हत्तीच्या पोटावरची इंग्रजी

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर

तीर्थरूप गोदाअक्का,

तुझ्या धाकट्या, गावभर भाषणे ठोकणाऱ्या भावाचा, समोर माइक नसतानाही मान खाली घालून, नमस्कार. गुडघे कसे आहेत? बहादरपुरात केळीला भाव बरा असेल, तर गुडघ्यांनाही बरे वाटत असेल.

तुझा निरोप मिळाला. मृणालचे इंग्रजी स्पेलिंग सुधारत नाही, शिवाय शाळेसाठी पोर माझ्या, बाईमाणूस नसलेल्या घरात राहते, म्हणून या परीक्षेनंतर नातीला परत नेणार म्हणतेस. ने, पण आधी ऐक. (मी बोलू लागलो की लोक ऐकतात, असा माझा आजवरचा अनुभव आहे. तू अपवाद.) घोकून घोकून पाठ केलेला शब्द सकाळी घरी येतो आणि दुपारी शाळेत पळून जातो, यात दोष मुलीचा नाही, घोकंपट्टीचा आहे! काही मुलांच्या लक्षात शब्द कानाने राहत नाही, डोळ्याने राहतो. एका पुस्तकात उपाय वाचला. शब्द मोठ्या चित्रावर लिहावा, मुलाने तो नीट पाहावा, मग डोळे मिटून मनातल्या चित्रावरून अक्षरे वाचावीत. चित्र पक्के बसले की उलट्या क्रमानेही वाचता येतात.

आतल्या भिंती पुस्तकांच्या कपाटांनी झाकलेल्या, म्हणून रस्त्याकडची भिंत निवडली आणि भिकन पेंटरला बोलावले. मी जहाज, दुर्बीण, इंजिन अशी चित्रे सांगितली. तो म्हणाला, "भाऊ, जहाज नाही बनत आपल्याकडून. हत्ती बनवून देतो, एक नंबर." भिकनने जन्मभर लग्नघरांच्याच भिंती रंगवल्या आहेत. संध्याकाळपर्यंत भिंतीवर हत्ती, घोडा, छत्री, ढोल आणि दोन्ही बाजूंना केळीचे खांब उभे राहिले, आणि प्रत्येकाच्या अंगावर त्याचे इंग्रजी नाव.

दुसऱ्या दिवशी ही लग्नघराची भिंत पाहून गल्लीने माझे लग्न ठरवले. (पन्नाशी उलटलेला ब्रह्मचारी असूनही.) अक्षरे इंग्रजी, त्या अर्थी नवरी शिकलेली, हेही ठरले. मंडपवाला उखर्डू बयाणा मागायला आला. मी त्याला चित्रपद्धती साद्यंत समजावली. शांतपणे ऐकून तो म्हणाला, "ते समजलं भाऊ, पण पंगत किती लोकांची?" ज्याने तापीकाठी राजघाटावर भाषणे करून लग्नातल्या डामडौलाविरुद्ध घसा कोरडा केला, त्याच्या दारात बँडवाल्याने नमुना म्हणून वाजवूनही दाखवले.

तेवढ्यात मृणालच्या शाळेतल्या चारुलताबाई आल्या. (विधवा आहेत, एकट्याच राहतात, माझ्या भाषणातून दोनदा मध्येच उठून गेल्या आहेत.) म्हणाल्या, "साध्या लग्नाची भाषणं आम्हाला, अन् स्वतःच्या लग्नाला हत्ती?" मी खुलासा सुरू केला. तो अर्ध्यावर तोडून त्यांनी मृणाललाच पुढे बोलावले. पोर डोळे मिटून उभी राहिली. पण मी तिला पद्धतीचे महत्त्व सांगत असल्यामुळे तिला चित्र दिसेना. बाई म्हणाल्या, "भाऊ, जरा गप बसता का? पोरगी हत्ती बघून राहिली ना!"

मी गप्प बसलो. अक्का, मी गप्प बसलो. पोरीने सोंडेपासून शेपटापर्यंत एकही अक्षर न चुकता हत्ती सांगितला, आणि मग शेपटापासून सोंडेपर्यंतही. बाईंचे डोळे भरून आले. माझ्या डोळ्यांना भिकनचा रंग झोंबत होता.

तेव्हा पोरीला नेऊ नकोस. दोष घोकंपट्टीचा होता, आणि थोडा माझ्या बोलण्याचा.

तुझा,
लीलाधर

ता.क. पत्र टाकायचे राहिले, तेवढ्यात परीक्षा झाली आणि निकालही लागला. मृणाल पास आहे. फक्त जहाज चुकले. त्याला भिकन जबाबदार.

ता.क. दुसरा. घरात बाईमाणूस नाही, हा तुझा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्यावर उपाय म्हणून मी चारुलताबाईंना विचारले. त्या नाही म्हणाल्या नाहीत. बोलणी घरच्या मोठ्या माणसाने करावी आणि त्या वेळी नवरदेव गावात नसावा, एवढीच अट घातली. तेव्हा रविवारी तू इकडे ये; मी तिकडे येऊन तुझी केळी बघतो.