दाजींनी मासे सोडले

प्रिय विनू,

फोनवर तू "बरा हाय मी" म्हणतोस आणि लगेच बायकोच्या हातात फोन देतोस, म्हणून तुझ्या ताईने हे पत्र लिहायला घेतलं. हसू नकोस. शाळेतल्या निबंधानंतर एवढं लिहायची ही पहिलीच वेळ.

इकडे थळला सगळं ठीक. वालाला शेंगा भरल्यात, मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावायचं चाललंय. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र थकत नाही. आणि तुझ्या दाजींनी परवा टेम्पोची फेरी संपवून येताना स्वतःहून बोंबील आणले. ते साफ करताना मला रडू आलं, तर सासूबाई म्हणाल्या, बोंबलाला कुणी रडतं का.

तुला वरवरचं ठाऊक आहे, आज नीट सांगते. गेल्या वर्षी श्रावण संपला, गौरी-गणपती गेले, तरी ह्यांनी माशाला हात लावला नाही. चुलतसासऱ्यांनी तळ्यातला जिताडा पाठवला, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सासूबाईंचा आनंद गगनात मावेना. माळ न घालता पोरगा माळकरी झाला, असं त्या गावभर सांगत सुटल्या. नाक्यावरची बैठक सुटली, भांडणं बंद, आम्ही म्हणू त्याला हो. शेजारणी मला नशीबवान म्हणायच्या आणि मीही मिरवायची. उजाडायच्या आधीच उठून हे भिंतीकडे बघत बसायचे, ते आम्हाला नामस्मरण वाटलं. आंघोळीला दुपार व्हायची, टेम्पो दारातच उभा, माझ्यामुळे घराचं वाटोळं झालं असं पुटपुटायचे. तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

शेवटी अंगावरचे कपडे ढिले व्हायला लागले, म्हणून अलिबागला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मासे का सोडले? तेव्हा हे म्हणाले, "सोडलं न्हायत. कशालाच चव न्हाय. लोकांनी देवमाणूस केला, बरं झालं, बोलायला लागत न्हाय." मग बाईंनी सरळच विचारलं, जगणं नकोसं वाटतं का? मला असा राग आला, असलं अभद्र कुणी विचारतं का! पण हे ढसाढसा रडले आणि हो म्हणाले. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला औषध आहे, हे मला त्या दिवशी कळलं. गोळ्या घेत, बाईंशी बोलत माणूस हळूहळू परत आला. अजूनही एखादा दिवस जड जातो.

आता खरं सांगते. काल रुचिकाचा फोन होता, खुशीत होती. ताई, तुमचा भाऊ लई शांत झालाय, म्हणाली. उलटून बोलत नाही, रविवारी क्रिकेटला जात नाही, बॅटसुद्धा शेजारच्या अल्पेशला देऊन टाकली. ती कौतुकाने सांगत होती आणि मला भिंतीकडे बघत बसलेले तुझे दाजी दिसत होते. ती बॅट तू कधी कुणाला उचलूही दिली नाहीस, विनू. मला वेडी म्हण, चालेल, पण मी विचारणारच. जगणं नकोसं वाटतं का? मला उत्तर लिहू नकोस. दाजी पत्र देऊन बाहेर टेम्पोत बसलेत, डॉक्टरीणबाईंची आजचीच वेळ घेतलीय. उत्तर हो असेल तर चप्पल घाल आणि त्यांच्या शेजारी जाऊन बस. नाही असेल, तरीही बस.

तुझीच,
कल्पिताताई