पिवळ्या फ्रॉकची डावी बाजू

नांदेड,
२१ जानेवारी २०२५

प्रिय शिवे,

काल उन्हात बसले होते आणि आपला कॉन्व्हेंटचा व्हरांडा आठवला. आपण दोघी एकाच फ्रॉकवर स्मॉकिंगचे, चुण्या धरायचे टाके घालत होतो. तू डावीकडून, मी उजवीकडून. तुझे टाके घट्ट, माझे सैल. मध्यावर आलो तर चुण्या जुळेचनात. सिस्टर चष्मा काढून म्हणाल्या, "हा फ्रॉक एकाच खांद्याने श्वास घेणार." तू इतकी हसलीस की सुई बोटात गेली.

तुझी आणि वसंतराव भाऊजींची तब्येत बरी ना? माझा अनय उद्या लातूरला येतो आहे, त्याच्याजवळ ही पिशवी देते. फोनच केला असता. पण तू "बोल की गं" म्हणालीस, की मी गुडघ्यांचं आणि थंडीचं सांगून फोन ठेवते. दोन महिने असंच चाललं आहे.

दिवाळीनंतर मालविका नावाची एक तरुण वकील माझ्याकडे आली होती. शिवमची वकील. हे नाव तुझ्या घरात कुणी घेत नाही, मला माहीत आहे. पेपरात त्याचा फोटो कितीदा पाहिला, पण तुझ्या नातीला, अक्षराला, ज्या रिक्षावाल्याने जिवे मारलं तो तिसरीत माझा विद्यार्थी होता, हे मला त्या मुलीने सांगितलं तेव्हा कळलं.

तिने गुन्ह्याबद्दल काहीच विचारलं नाही. तो डब्यात काय आणायचा, त्याचे केस कोण विंचरायचं, एवढंच. मी चिडले. म्हटलं, "आणि आमच्या लेकराच्या डब्याचं कोण विचारणार, बाई?"

ती म्हणाली, "मॅडम, फाशी घटनेत बसते. पण जगण्याचा हक्क घटनेने त्यालाही दिलाय. तो काढून घ्यायचा तर कायद्याच्या रीतीने, आणि त्या रीतीत गुन्ह्याबरोबर माणूसही बघावा लागतो. खालच्या कोर्टात सकाळी दोषी ठरवला, दुपारी फाशी सुनावली. माणूस कुणी बघितलाच नाही. आता ती फाशी कायम करायची का, ते हायकोर्ट ठरवणार."

"आणि बघूनही फाशीच दिली तर?"

"तर दिली, मॅडम."

शिवे, मला तो आठवला. डबा नसायचा म्हणून जेवणाच्या सुट्टीत बाकाखाली जाऊन बसायचा. बाप हात खुंटीला बांधून ठेवायचा, बोटं वळायची नाहीत. मी पेन्सिलीला रुमाल गुंडाळून द्यायचे, मुठीत धरता यावी म्हणून.

मी त्याला माफ केलेलं नाही. माझ्याच्याने ते होणारही नाही. पण विचारल्यावर "आठवत नाही" म्हटलं असतं, तर ते खोटं झालं असतं. अक्षराच्या नावाने जे व्हायचं ते खोट्यावर उभं राहू नये, असं वाटलं.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर तू म्हणाली होतीस, "उजे, त्याच्या बाजूनं जो कुणी बोलंल, त्याचं तोंड मी बघणार न्हाई." मी तुझा हात धरून मान हलवली होती.

मला आठवलं ते मी लिहून दिलं आणि त्यावर सही केली आहे, शिवे. गुरुवारी ते कोर्टात वाचतील, माझ्या नावासकट. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला कळायला नको होतं.

पिशवीतली जवसाची चटणी भाऊजींना दे, तिखट कमी घातलं आहे. पाकिटात माझ्या प्रतिज्ञापत्राची प्रत आहे, ती तुमच्या सरकारी वकिलांना दे. तू वाचली नाहीस तरी चालेल.

पिवळा फ्रॉक तुझ्यासाठी. अक्षराच्या आठव्या वाढदिवसासाठी शिवायला घेतला होता, मग तसाच कपाटात राहिला. उजवी बाजू झाली आहे. डावी कोरी आहे, सुई तिथेच टोचून ठेवली आहे. माझं तोंड बघावंसं वाटलं, तर तुझ्या बाजूने सुरू कर. नाही वाटलं, तर अनयजवळ परत दे. तो काही विचारणार नाही.

मधे कितीही कोरं राहिलं तरी तुझी,
उजू