तांबड्या अक्षरातली पाटी

प्रिय हर्षाली,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. उचलू नकोस. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता.

काल पिंपरीच्या मंडईत आपल्या स्टोअरमधला ज्योतीराम भेटला. तुला कंपनीनं काढलं, हे त्यानं कोथिंबिरीची जुडी झटकता झटकता सांगितलं. पत्रात 'निष्काळजीपणा' असा शब्द घातलाय म्हणे. निवृत्त होण्याआधी पाच वर्षं मी तुला शिकवलं. तुझ्यात सतरा दोष आहेत, पण हा नाही. आता हा शब्द कपाळावर घेऊन हिंजवडीत कोणाच्या दारात उभी राहशील?

त्या चौकशीवाल्या शहाण्यांना आपला सर्व्हर काय करतो हेच कळलं नसणार. पूर्वी बोर्डावरची टेलिफोन ऑपरेटर नाव सांगितलं की नंबर जोडून द्यायची, तसा तो प्रत्येक कॉम्प्युटरला नावावरून पत्ता सांगतो. त्याच्या प्रोग्राममध्ये खोट निघाली. पत्ता ठाऊक नसला की तो बाहेर विचारतो, आणि बाहेरून ठरल्यापेक्षा लांब उत्तर आलं की ते मापात न बसवता मेमरीतल्या शेजारच्या जागेवर लिहीत सुटायचा. चऱ्होलीत तुमच्या भाऊबंदांनी बांध कोरला ना, तसंच. त्याच वाटेनं चोर आत आले आणि चाकणच्या प्लँटमधली लाइन तीन दिवस बंद पडली.

तू दुरुस्ती ऑगस्टमध्येच चढवली होतीस. पण प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय मेमरीत जुनाच चालत राहतो. तू तीनदा परवानगी मागितलीस. त्यावर प्लँटचे साहेब मालोजीराव काय बोलले, ते ज्योतीरामनं नक्कल करून ऐकवलं, "चालतंय ना बाई? मग कशाला खाजवायचं? खंडेनवमीला समदं बंदच असतंय, तवा बघू." खंडेनवमीला प्रेस थांबले, लेथ थांबले, पुसून त्यांना हळदकुंकू लागलं. त्या एका सर्व्हरला मात्र चालू ठेवूनच झेंडूचा हार घातला. कारण वर पाटी, तांबड्या अक्षरात: 'हे मशीन कोणीही, कोणत्याही कारणाने बंद करू नये.' चौदा वर्षं त्या पाटीला कोणी हात लावला नाही. एकजात मूर्ख!

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत फरशीवर शाई सांडलेली दिसली की सिस्टर एवढंच विचारायच्या, कोणी? जिनं सांडली तिनं उठायचं. दहा वर्षांत मी एकदाही बसून राहिले नाही. ही ऐट मी जन्मभर मिरवली, तुझ्यासमोरही.

हर्षाली, ती पाटी माझी आहे. कोणीतरी भर शिफ्टमध्ये सर्व्हर बंद केला, सगळ्यांदेखत बोलणी मला बसली, त्या रागात मी ती लिहिली. जाताना काढली नाही, कारण माझा शब्द अजून चालतो याचं सुख होतं. मागच्या महिन्यात चौकशीवाल्यांनी मला फोन करून विचारलं, ही पाटी कोणाची? मी म्हणाले, आठवत नाही. पाटीला धनी उरला नाही, म्हणजे बंद करायला मनाई कोणाचीच नव्हती, आणि दोष तुझ्यापाशी उरला. आज सकाळी सही केलेला जबाब घेऊन चाकणला गेले. गेटवरूनच परत पाठवलं, "मॅडम, फाइल बंद झाली. तब्येतीला जपा." तो जबाब सोबत ठेवलाय. आता तो कोणाच्या कामाचा नाही, तुझ्याही नाही. माफ कर असंही म्हणत नाही. त्यांनी फक्त विचारलं होतं, कोणी? आणि मी बसून राहिले.

तुझीच,
शकुंतला मॅडम