चिंचेवरची तार

६ मार्च १९३८, रविवार. निपाणी

सकाळी आठला बांबू उभा केला, साडेदहाला उतरवला. एवढंच राज्य.

बांबू मनासारखा मिळाला होता. सरळ, उंच. बाजारातून खांद्यावर आणला तेव्हा कुणी काही बोललं नाही. परसात उभा राहिला आणि सगळी गल्ली भिंतीपाशी.

शिवाप्पा शेटजी स्वतः आले. आमच्या परसामागची तंबाखूची वखार त्यांची. मान वर करून म्हणाले, "मास्तर, हे काय उभं केलायसा?"

"बिनतारी यंत्राची तार बांधायची आहे."

"बिनतारीला तार कशाला?"

सगळे हसले. मीही हसलो. समजावून सांगायला लागलो आणि माझंच मला पटेना.

मग शेटजी गंभीर झाले. "न्हाय मास्तर. वळवाचं दिवस जवळ आलं. इज खाली यायला वाट करून देतासा काय? आत वर्षाचा माल हाय." देवळाचे पुजारी म्हणाले, मारुतीच्या कळसापेक्षा उंच गल्लीत काही नको. दोन निराळी कारणं, पण दोघांच्या माना एकदमच हलल्या.

उतरवला. सौ. म्हणाली, बांबूला पाय लागून पडाल, आडवा लावा, इतकंच.

८ मार्च, मंगळवार

पोस्टमास्तरांना विचारलं. ते म्हणतात, ऐकण्याचा परवाना तुमच्या खिशात आहे, कोण अडवतो? पुढं लगेच म्हणाले, पण गल्लीशी वाकडं घेऊ नका. मग करू काय?

बिनतारीवरून स्वतः पाठवण्याच्या परवान्याचा अर्ज जानेवारीत गेला आहे. त्याची चौकशी इथल्या फौजदारांकडे येणार. गल्लीची तक्रार गेली की संपलं.

बारा वर्षं झाली तारखात्यात. 'वडील अत्यवस्थ, निघा.' 'माल थांबवा.' 'मुलगा झाला.' रोज दुसऱ्यांचं. माझं स्वतःचं एक अक्षर आजवर तारेवर गेलेलं नाही. हे कुणाला सांगायला गेलं तर वेड्यात काढतील. सौ.ला एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली, मग मला सांगा की. तेही खरंच.

१३ मार्च, रविवार

देवळात पंच बसले. तास दीड तास. ठरलं ते असं: खांब नको. कुणाच्या छपरावरून तार नको. कळसाहून उंच नको. वखारीच्या भिंतीला खिळा नको.

मग उरलं काय? मी विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, चिंच हाय की. परस आणि वखार यांच्या मधल्या बोळात चिंचेचं मोठं झाड आहे. कुणाचं, हे कुणालाच ठाऊक नाही. बुंधा आमच्या बाजूला, सावली वखारीवर. झाड काही खांब नव्हे, छप्पर नव्हे, आणि कळसाहून उंच असलं तरी ते आधीपासूनचं. शेटजींनी मिशी कुरवाळली. शेवटी, "झाडाला बांधा. पर वखारीकडच्या फांदीला न्हाय."

विजेचं पुन्हा विचारलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं: तारेला एक खटका असतो. खटका वर, तर तार यंत्राला. खटका खाली, तर तार सरळ जमिनीत. घर सोडताना मी खटका खाली करीन. रोज. वीज आलीच तर जमिनीत जाईल.

"शब्द दिलासा बघा," शेटजी म्हणाले.

दिला.

२० मार्च, रविवार

तार बांधली. म्हणजे तानूबाईनं बांधली.

ही वखारीत पानं निवडायला येते. पन्नाशीची, काटक. बायका दुपारी चिंचेखालीच भाकरी खातात. मी शिडी लावून अर्ध्यात अडकलो होतो. ती खालून म्हणाली, "मास्तर, उतरा. तुमी पडला तर गावच्या तारा कोन धाडनार?" लुगड्याचा काचा आवळून चढली ती थेट वरच्या बेचक्यात. सोडावॉटरच्या बाटलीचे गळे कापून ठेवले होते (तारेच्या खांबावर असतात तसल्या चिनी मातीच्या चिमण्या इथं मिळत नाहीत), त्यातला एक वर दिला. "आता ही बाटली कशापायी?" म्हटलं, तार झाडाला टेकू नये म्हणून. "बांधायची झाडाला आन टेकू द्यायची न्हाय. बरं."

दुसरं टोक स्वयंपाकघराच्या खिडकीला. चौकटीबाहेर पत्र्याच्या टोपीखाली खटका. खाली जमिनीची जोड: खड्ड्यात तांब्याचा पत्रा, कोळसा, मीठ. रोज तांब्याभर पाणी घालायचं काम सौ.नं आपण होऊन घेतलं. तुळशीला घालतेच आहे, म्हणाली.

२७ मार्च, रविवार

लागलं!

संध्याकाळी सहा-सव्वासहा. आधी नुसती खरखर, शिट्ट्या. मग मोर्सच्या बारीक, स्वच्छ ठिपके-रेघा. ऑफिसातल्या ठोक्यासारखा आवाज नाही, शिट्टीसारखा. हात आपोआप पेन्सिलकडे. कोण, कुठला, नीट कळलं नाही. मध्येच दुसरा त्याच्यावर चढला. एवढं लागलं: माझ्याकडे पाऊस, तुझ्याकडे?

तानूबाई घरी निघाली होती. तिच्या कानाला हेडफोन लावले. डोळे मोठे केले. "कोनतरी चिमणीगत बोलतंया. काय म्हनतोय?"

"त्याच्याकडं पाऊस पडतोय म्हणे."

"आन?"

"बस. तेवढंच."

"एवढ्यासाठी?" आणि हसत सुटली. पण हेडफोन काढले नाहीत. बराच वेळ उभी होती.

१० एप्रिल, रविवार

गेले आठ दिवस सकाळी ऑफिसआधी तास-पाऊण तास बसतो. बॅटरी सर्व्हिस मोटारीनं कोल्हापूरला भरायला गेली होती, दोन तारखेला परत आली.

एक जण रोज साडेसातच्या सुमारास असतो. एकच हाक पुन्हा पुन्हा देतो, उत्तराची वाट बघतो, थांबतो. मला ऐकू येतंय हे त्याला कळवायला माझ्याकडे काही नाही. हे चांगलं की वाईट, कळत नाही. ऐकायला लागल्यापासून जास्तच गप्प झाल्यासारखं वाटतं.

फौजदारांचा निरोप: चौकशीला येतो, मे महिन्यात.

२२ एप्रिल, शुक्रवार

 क्रमानं लिहितो.

दुपारी साडेतीनला आभाळ भरून आलं. ऑफिसातलं यंत्र आपोआप वाजायला लागलं, अर्थ नसलेलं काहीतरी. पोस्टमास्तर ओरडले, सोडा ते. मी हात काढला आणि त्याच क्षणी आठवलं. खटका. सकाळी खाली केला का?

आठवेना. साडेसातचा माणूस आज जरा जास्त वेळ होता. मी उशिरा उठलो खुर्चीवरून. चहा उभ्यानं प्यालो. टोपी घेतली. खिडकीपाशी गेलो का...

पळालो. पोस्टाच्या पायऱ्या उतरतो तोच आवाज झाला. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

चिंच मधोमध उभी फाटलेली. तार नाहीच, भिंतीवर नुसती काळी रेघ. वखार तशीच्या तशी. बायका दारात घोळक्यानं उभ्या. तानूबाई चिंचेपासून दहा हातांवर चिखलात पालथी. बाकीच्या आत पळाल्या, ही वाळत टाकलेली पोती गोळा करत राहिली होती.

श्वास होता. शेटजींच्या छकड्यातून दवाखान्यात नेली. मी चाकाबरोबर पळत गेलो. कशाला, कुणास ठाऊक.

परत येऊन खिडकी बघितली. खटका खाली होता.

सौ. म्हणाली, "खालीच होता. बसा तुम्ही आधी."

२४ एप्रिल, रविवार

दवाखान्यात जाऊन आलो. तानूबाई शुद्धीवर आहे. उजव्या कानानं काही ऐकू येत नाही. उजव्या हाताला मुंग्या, मूठ आवळत नाही. डॉक्टर म्हणतात, हात येईल. कानाचं सांगत नाहीत.

ती मला ओळखून हसली. मी बाहेर येऊन कट्ट्यावर बसलो.

२६ एप्रिल, मंगळवार

शिवाप्पा शेटजी आले. मी तयारच होतो, घालून पाडून बोलतील, ऐकून घ्यायचं. तर हातात पेढ्यांचा पुडा!

"मास्तर, तुमच्या तारेनं वखार वाचवली. इज आली ती तार धरून जमिनीत गेली. तुमी म्हनलासा तसंच झालं."

मी म्हटलं, शेटजी, तानूबाई...

"ती झाडाबुडी हुती. त्याला तुमी काय करनार? आता वखारीवर एक तार बसवून द्या. उंच. पंचांस्नी मी बघतो."

पुजारीही म्हणाले, कळसाचं एवढं काही नाही. मार्चात ज्यानं वीज येणार होती, एप्रिलात त्यानंच वीज जमिनीत गेली. मला यातलं काही कळत नाही. पुस्तक काढून पुन्हा वाचलं. पुस्तकात दोन्ही आहे. तार जमिनीला जोडलेली असली तर घराचं रक्षण. जोडलेली नसली तर उलट. म्हणजे सगळं परत त्या खटक्यावर.

खटका उघडून बघितला. वर काळं, खालीही काळं; वीज आली तेव्हा कुठं होता, त्यावरून ठरत नाही.

३० एप्रिल, शनिवार

सौ.ला विचारलं. शुक्रवारी नक्की काय झालं?

"वारं सुटलं तशी कुरडया उचलायला परसात गेले. जाताना खटका खाली केला."

म्हणजे वर होता?

ती म्हणाली, "नाही. खालीच होता. मी नुसता हात लावून बघितला."

"आधी म्हणालीस केला."

"मग केला असेल."

"वीज पडायच्या आधी की नंतर?"

तिनं परातीतल्या तांदळातला एक खडा काढून टाकला. मग वर न बघता, "अहो, तुम्हाला काय ऐकायचं आहे ते सांगा, मी तेच म्हणते." डोळ्यांत पाणी होतं. पुढं विचारवलं नाही.

मला वाचवण्यासाठी खोटं बोलते आहे? की तिलाही खरंच आठवत नाही, माझ्यासारखं?

३ मे, मंगळवार

फौजदार आले. शेटजी शेजारी बसून माझी तारीफ करत होते. फौजदारांनी चहा घेतला, कागद काढला. "वीज पडली त्या वेळी तार जमिनीला जोडलेली होती ना, मास्तर?"

"होती," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं. गल्लीची हरकत नाही, अर्जदार जबाबदार इसम. कागद सोमवारच्या टपालानं बेळगावला जाईल म्हणाले.

खोटं बोललो का? मी बघितला तेव्हा खाली होता. हे खरं आहे. पण त्यांनी ते विचारलं नव्हतं.

सौ. आतून ऐकत होती. 

८ मे, रविवार

शेटजींच्या वखारीवर वीज धरायचा लोखंडी दांडा बसवत होतो सकाळपासून. शिडी पक्की, खाली दोन हमाल. शेटजी छत्री घेऊन उभे.

नऊच्या सुमाराला तानूबाई आली. कामावर नव्हे, बघायला. हात गळ्यात बांधलेला. बोललेलं ऐकायला मान वळवून डावा कान पुढं करते, तो प्रकार प्रथमच पाहिला. मी खाली उतरलो. शेटजी आत हिशेब बघायला गेले होते.

ती म्हणाली, "मास्तर, एक इचारू? कुनी म्हनतंय तुमच्या तारेनं इज आनली, कुनी म्हनतंय तारेनं वाचीवलं. माझा कान तारेनं घेतला, का माझा जीव तारेनं ठेवला? तुमी तारेतलं मानूस. तुमास्नी ठावं असंल."

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं.

"न्हाय?"

मग सगळं सांगितलं. सकाळचा साडेसातचा माणूस, चहा, टोपी. खटक्यापाशी गेल्याचं आठवत नाही ते. सौ. दोनदा दोन तऱ्हेनं बोलली ते. वर-खाली दोन्हीकडचं काळं. मोठ्यानं सांगावं लागत होतं. डाव्या कानालाही तिला मोठ्यानंच लागतं. हमालांनी ऐकलं असणार. बारा वर्षांत मी एवढं सलग कुणाशी बोललो नसेन.

तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाली, "हे फौजदारास्नी सांगितलंसा?"

"नाही. होती म्हणून सांगितलं."

रागावेल असं वाटलं. रागावली नाही. पदरानं कपाळ पुसलं, फाटक्या चिंचेकडे बघितलं. "मी कुनाला सांगनार न्हाय. पर मास्तर, मला जसं सांगितलंसा तसंच त्यास्नी सांगा. ठावं न्हाय तर न्हाय म्हना. माझ्या कानाचं म्हनून कागदावर खरं तेवढं ऱ्हाऊ दे."

आणि गेली. हळूहळू, भिंतीच्या कडेनं.

शेटजी बाहेर आले. म्हणाले, मास्तर, आवरा की. मी चढलो, दांडा घट्ट केला, जमिनीची तार तीन तीनदा ओढून बघितली. पक्की आहे. हमाल माझ्याकडे बघत होते की तसं मला वाटत होतं?

फौजदारांना जाऊन 'ठाऊक नाही' सांगितलं, तर परवाना गेलाच. कदाचित ऐकण्याचाही. शेटजी पुन्हा पहिल्यासारखे. सौ.ला चौकशीत बोलावतील. ती काय म्हणेल? खोटी पडेल, आणि माझ्यामुळं. न सांगितलं तर साडेसातच्या माणसाला एक दिवस उत्तर देता येईल. पहिलं काय पाठवणार मी त्याला?

कागद उद्याच्या टपालात. फौजदारांची कचेरी दहाला उघडते. टपालाची थैली अकराला आमच्याच ऑफिसातून निघते, ती शिवून मोहोर करायचं काम या आठवड्यात माझ्याकडे आहे.

सौ. दारात येऊन विचारून गेली, उद्या डबा लवकर करून देऊ का, कुठं जायचं आहे का आधी. तिनं परसातून ऐकलं असणार सगळं.

स्वयंपाकघरात भांडी वाजतायत. अजून उत्तर दिलेलं नाही.