आबा कामाशिवाय चालतात, त्याबद्दल

मु. रिहे, ता. मुळशी
दि. १२ ऑक्टोबर १९८६

तीर्थरूप भिकूमामांच्या पायांशी वाल्मीकचा दंडवत. मामींचे गुडघे आता जिना चढू देतात का, ते कळवावे. इकडे आई बरी, म्हैस बरी, भात कापणीला आले आहे. आबांविषयीही आधी 'बरे' असेच लिहिले होते, पण खोडले. त्याची शाई पसरली आहे, क्षमा असावी.

तुम्ही त्या हॉस्पिटलात शिपाई नसता तर आबांचा आजार आम्हाला कधी कळलाच नसता. तीस वर्षे आम्ही त्यांचे घोरणे ऐकत आलो आणि ते मधेच थांबले की सगळ्या घराला हायसे वाटायचे. डॉक्टरसाहेबांनी सांगितले की घोरणे थांबते तेव्हा श्वासही थांबलेला असतो. तेव्हापासून आबा घोरत असले की आम्ही निवांत असतो आणि शांत झाले की उठून बसतो. आजाराचे नाव स्लीप ॲप्निया (अक्षरे साहेबांकडूनच दोनदा तपासून घेतली आहेत). साहेबांनी आबांना व्हरांड्यात बारा मिनिटे चालायला लावले, ते तुम्ही पाहिलेच. चारशे दहा पावलांवर आबा भिंतीला टेकले. रोज चालून दम वाढला, वजन उतरले आणि रात्रीचे थांबणे कमी झाले तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतरच्या सोमवारी गळ्याला भोक पाडून नळी बसवायची, असे ठरले. मामा, आबा बांधावरून हाक मारतात तेव्हा ओढ्यापलीकडचे बैल मान वळवतात. त्या दिवसापासून ते बोलताना एक हात गळ्यावर ठेवतात.

चालायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी घात झाला. तुम्ही पुण्याचे झालात म्हणून आठवण देतो, आपल्याकडे वाटेत भेटलेला माणूस 'कुठं निघाला?' असे विचारतोच, आणि त्याला पटेल असे उत्तर द्यावे लागते. कुशाबाने विचारले. आबा खरे तेच बोलले, "कुटं न्हाई, नुसता चालतुया." कुशाबा म्हणाला, "नुसता? आन् मागनं ह्ये पोरगं दोरी-वही घिऊन कशापायी?" (अंतर लिहून आणा असे साहेबांनी सांगितले होते, म्हणून मी पन्नास हातांच्या दोरीला गाठी मारून घेतल्या होत्या.) दिवेलागणीपर्यंत गावाने ठरवून टाकले की आम्ही ओढ्याकाठचे शेत मोजले असून ते बंगल्यासाठी पुण्याच्या कोणा साहेबाला विकणार आहोत.

सकाळी हैबतराव चुलते दारात उभे. "ईक गेणबा, ईक. पर भावकीला इचारून ईक." आबांनी डॉक्टरांचे सांगितले, तर म्हणाले, "शेतकऱ्याला चालायला डाक्टर लागतुया व्हय? उद्या जेवायला वकील लावशील."

मग आबा चिडले, आणि इथेच आमचे नशीब उघडले. ते भावकीच्या अकरा घरी 'शेत विकत नाही' हे तोंडाने सांगायला निघाले. घरे चार वाड्यांवर विखुरलेली. तिसऱ्या घरी नाही म्हणेपर्यंत चौथ्या घरी बातमी पोचलेली असायची की गेणबा संमतीच्या सह्या घेत हिंडतोय. म्हणून चौथ्या घरी समजूत काढून पुन्हा पहिल्या घरी. असे पाच आठवडे रोज चालले आहे. मी दोरी घेऊन मागे असतोच. आता बारा मिनिटांत सातशे तीस पावले होतात, तीही हैबतरावांना शिव्या देत देत, म्हणजे दम चांगलाच वाढला आहे. पौडच्या आडत्याच्या काट्यावर वजन चार किलोने कमी भरले (चहा प्रत्येक घरी घ्यावाच लागतो, पण बिनसाखरेचा मागतात. त्यामुळे संशय वाढला आहे).

रात्री मी उशाशी बसून तासाला किती वेळा श्वास थांबतो ते लिहितो. पहिल्या रात्री अडतीस, मग एकतीस, गेल्या आठवड्यात सहा, आणि काल एकही नाही. (मधले दोन रकाने कोरे आहेत. कंदिलाची काच तडकल्याचे कारण लिहिले आहे, पण नीट आठवत नाही. जागरणाने दिवसाही डोळा लागतो. परवा मैलाच्या दगडावर बसलो होतो, तर आबांनीच येऊन उठवले.) वही सोबत पाठवत आहे. साहेबांना दाखवून भोक रद्द झाल्याचे उलट टपाली कळवावे.

आपला आज्ञाधारक,
वाल्मीक

ता. क. हैबतरावांनी काल एकांतात विचारले की तो पुण्याचा साहेब शेजारचा तुकडाही बघेल का. तुकडा त्यांचाच आहे.

ता. क. २. पाकीट चिकटवणार इतक्यात माझ्या अंथरुणाजवळच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा दिसल्या, पाच-पाचच्या जुड्या पाडलेल्या. आईला विचारले. ती पदराने डोळे पुसू लागली, म्हणून आबांना विचारले. म्हणाले, "तू मोजता मोजता आडवा हुतुस, घोरतुस आन् मग गप हुतुस. कुनीतरी जागं नगं का?" नऊ रात्री ते झोपलेलेच नाहीत. गेल्या आठवड्यातले सहा आणि कालचा एकही नाही, ते असे आले. कालच्या एका तासाच्या रेघा मी मोजल्या. बेचाळीस आहेत. आबांच्या पहिल्या रात्रीपेक्षा चार जास्त.

ता. क. ३. तरी वहीतली चालण्याचीच पाने दाखवावीत, ती खरी आहेत. रात्रीची पाने मी फाडून ठेवली आहेत. आणि मामा, त्या सोमवारी एक नंबर लावला आहे तिथे दोन लावता येतील का, तेवढे बघावे. हे लिहायला नको असे मी म्हणत होतो, आबा समोर बसून लिहून घेत आहेत. 'पोराचा नंबर आदी' असेही लिही म्हणतात, ते मी लिहिणार नव्हतो. उद्यापासून आम्ही दोघेही चालणार. दोरी आई धरणार आहे, आणि रात्री कोळसाही.